सकाळच्या फोटोत नानांचा हात का नव्हता

मैत्रिणींनो, सकाळी ग्रुपवर टाकलेल्या फोटोबद्दल कबुली द्यायचीये.

माझ्या साडेतीन वर्षांच्या ओवीची शाळा मी घरीच घेते. या आठवड्याची थीम 'लहान-मोठं'. चार दिवस खपून मी कापडाचे रंगीत गोल कापले. आज बाईसाहेबांनी दोन मिनिटं बघितलं आणि सगळे उशीखाली कोंबले.

तेवढ्यात निफाडहून सासरे आले, बागेतली द्राक्षं घेऊन. नानांनी खिशातून द्राक्षाच्या मण्यांचा आकार मोजायची भोकांची पट्टी काढली. "बघ ओवे, यातून पडला तो बारीक. अडकला तो एक्स्पोर्टचा."

पोरगी तासभर जागची हलली नाही! "नाना, हा पण एक्स्पोर्टचा!" आणि मी दारात, उशीखालून काढलेले कापडाचे गोल हातात घेऊन उभी. खरं सांगते, जळले मी. चक्क सासऱ्यांवर.

तरी फोटो काढला आणि 'आमची आजची ॲक्टिव्हिटी' म्हणून टाकला. "काय डोकं चालतं गं तुझं!" म्हणालात सगळ्या. फोटोत नानांचा हात येत होता, तो मी क्रॉप केला होता.

आता अख्खा फोटो टाकतेय. कौतुक नानांचं करा.

पण गोल मी खरंच छान कापले होते. त्यांचाही फोटो टाकू का?