जत्रेतली कुस्ती आणि माझे बाबा

मंडळी, आज बाबांना मानकोलीकडच्या जत्रेत कुस्त्या बघायला नेलं. न्यायलाच नको होतं.

तरुणपणी याच आखाड्यात त्यांनी भल्याभल्यांना चीतपट केलंय. आज शेवटची कुस्ती जिंकलेल्या पोराची पाठ थोपटायला ते काठी टेकत मातीत उतरले.

तेवढ्यात त्या पोराचे फॅन मोबाइल घेऊन धावले. "आजोबा, हटा ना, रील चालू हाय!" म्हणत एकाने बाबांना ढकललं. बाबा पडले. तो पैलवान बघून हसला.

मी धावत जाऊन त्यांना उठवलं. "लागलं का, बाबा?"

"न्हाय रे. पोरगा चांगला लढतो."

घरी आल्यापासून ते जेवले नाहीत.

त्या पोराला कुणी ओळखत असाल, तर एवढं सांगाल का, की म्हातारा फक्त शाबासकी द्यायला आला होता?