बुधवारची शिडी

फोनवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या फानग्योतल्या काचेच्या इमारतीसमोर ट्रक उभा राहिला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. ट्रकच्या तिन्ही बाजूंना दिव्यांचे फलक होते. त्यांवरून ओळी सरकत होत्या. 'चाळीस मिनिटं खेळणाराही माणूसच असतो.' मग, 'शिडी विकणाऱ्यांनो, खाली या.' कंपनीत कामाला येणारी पोरं हातात कॉफी घेऊन, मान खाली घालून ट्रकला वळसा घालत होती. दारावरच्या रखवालदाराने एकदा सगळं वाचलं आणि हसू दाबत आत गेला.

दोन्ही ओळी हारिमने लिहिल्या होत्या. तिची आधीची ओळ होती, 'आमचाही विचार व्हावा ही विनंती.' क्योंगसुकने ती खोडली.

"विनंती कुणाला करतेस गं? सदुसष्ट माणसांनी ट्रकचं भाडं भरलंय ते काय हात जोडायला?"

प्यो क्योंगसुक एकावन्न वर्षांची. मोरान स्टेशनच्या बाहेर तिची जोडेदुरुस्तीची टपरी होती. चार पावलं लांब, दोन पावलं रुंद. त्याआधी अकरा वर्षं तिने संगसूच्या बुटांच्या कारखान्यात नगावर शिलाई केली होती. एक नवरा होता, तो बुसानला गेला. त्याबद्दल ती याहून जास्त बोलत नसे. बोटांना सोल्युशनचा वास कायमचा चिकटलेला. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तिला जमत नसे, आणि ते शिकून घ्यावं असंही तिला कधी वाटलं नाही. "टाच एका बाजूने झिजवता. चालता की लंगडता?" हे तिचं स्वागत.

हारिम तिथे तुटलेली टाच घेऊन गेली होती. साहित्याची पदवी हातात होती आणि एका शिकवणीत ती मुलांचे निबंध तपासत होती. टपरीत, खिळ्यांच्या डब्याला टेकून फोन उभा होता. पडद्यावर एक बाई आपोआप लांडगे मारत होती. 'नऊ गड'. हारिमही तोच खेळ खेळायची, त्याच सर्व्हरवर.

"ही तुमचीच का?" हारिमने विचारलं.

"मग काय माझ्या सासूची?"

त्या बाईचं खेळातलं नाव होतं 'आरी'. ते वाचून हारिम उडालीच. आरी म्हणजे 'चाळीस मिनिटं' या टोळीची सरदार. मागच्या हंगामात गड पाच आठवडे राखणारी. हारिम त्याच दिवशी टोळीत शिरली.

खेळाचा हंगाम बारा आठवड्यांचा. पहिल्या दिवशी सगळे शून्यावर. ना कालची तलवार, ना कालचा मान. मग हळूहळू माणसं वेगळी होतात. क्योंगसुक ते टाच ठोकता ठोकता समजावून सांगायची. "एकाकडे पैसा. एकाकडे वेळ. आपल्याकडे दोन्ही नाही. आपल्याकडे शिस्त." तिच्या टोळीत बसचालक होते, परिचारिका होत्या, मंडईतल्या बाया होत्या. जेवणं झाली की सगळ्यांनी एकाच वेळी चाळीस मिनिटं द्यायची. बाकी दिवसभर फोन आपापला लांडगे मारत राहील. या एका गोष्टीच्या जोरावर त्यांनी 'सम्राट'ला नमवलं होतं. सम्राट म्हणजे कांगनामच्या श्रीमंत वस्तीत टकलांवर केस लावणारा डॉक्टर. तो खेळात काय ओतायचा त्याचा हिशेब कुणी करत नसे.

शिस्तीत एक रेघ होती. दर गुरुवारी क्योंगसुक ताकदीचा एक आकडा लावायची, मागच्याहून वरचा. त्याच्या खाली जो असेल तो टोळीबाहेर. कारण विचारायचं नाही. आजारपण नाही, परीक्षा नाही. माणसं कुरकुरायची, पण रेघ गाठायची. सदुसष्टच्या सदुसष्ट गाठायची. याचा तिला फार अभिमान होता.

या हंगामात गड डॉक्टरकडे गेला. तो परत घ्यायचा, हे टोळीत सगळ्यांच्या तोंडी होतं. पाचव्या आठवड्यात कंपनीने शिडी काढली. एका तळलेल्या कोंबडीच्या किमतीत एक शिडी; ती घेतली की चार-पाच दिवसांची ताकद एका क्षणात. जाहिरातीत लिहिलं होतं, 'उशिरा आलेल्यांसाठी, वेळ कमी असलेल्यांसाठी.'

"आपल्या नावाने डॉक्टरला वाढतायत," क्योंगसुक म्हणाली. सगळ्या टोळीने मान डोलावली. ट्रकची वर्गणी दीड तासात जमली.

तिसऱ्या दिवशी कंपनीने ट्रकपुढे हात टेकले. दोन प्रतिनिधींना दुपारी बोलावलं. क्योंगसुकने टपरीला कुलूप लावलं आणि टिपणं घ्यायला हारिमला बरोबर घेतलं.

समोर सोन सेजिन नावाचा माणूस बसला होता. खेळाचा तोल सांभाळणं हे त्याचं काम. वय पस्तीसच्या आसपास, ओठाच्या कोपऱ्यात फोड आलेला.

"फलकावर माझ्या आईला आणलं नाहीत, त्याबद्दल आभार," तो म्हणाला. "मागच्या ट्रकवाल्यांनी आणलं होतं."

"अजून दिवस मावळला नाही," क्योंगसुक म्हणाली. "शिडी डॉक्टरसाठी काढलीत. हो म्हणा, म्हणजे आम्ही घरी जातो."

"डॉक्टरला शिडीचा काडीचा उपयोग नाही. एका उंचीच्या वर ती चालत नाही. तो दुसऱ्याच आठवड्यात त्या उंचीच्या वर गेला."

"मग घेतंय कोण? भुतं?"

सेजिनने पडदा तिच्याकडे वळवला.

"नावं दाखवणार नाही. हे सगळे दिवसाला तासाच्या आत खेळणारे. इतर सर्व्हरवर शिडीची विक्री रोज सारखी आहे, सपाट. तुमच्या सर्व्हरवर मात्र दर आठवड्याला असा सुळका येतो. बुधवारी संध्याकाळी. तीन आठवडे आम्ही डोकं फोडतोय. बुधवारी असतं काय तुमच्याकडे?"

हारिमचं पेन थांबलं. तिने दोन शिड्या घेतल्या होत्या. दोन्ही बुधवारी, बसच्या रांगेत उभं राहून. आपण एकटीच असू असं तिला वाटलं होतं.

क्योंगसुक पडद्याकडे बघत राहिली. तीन सुळके, प्रत्येक मागच्याहून उंच.

"काही नसतं," ती म्हणाली.

"काहीतरी असणार."

"नसतं म्हणाले ना! तुमच्या दुकानात काय कधी विकलं जातं ते मला काय विचारता? विकायला ठेवलंत तुम्ही."

"ठेवलं," सेजिन म्हणाला. त्याचाही आवाज चढला. "तुम्हाला वाटतं मला हौस होती? पैसेवाले गेले तर या इमारतीचे दिवे जातात. रोज आठ तास खेळणारे गेले तर नव्यांना शिकवायला कुणी उरत नाही. आणि तुमच्यासारखे गेले तर त्या दोघांची मिजास बघायला कुणी उरत नाही. या तिघांना एका खोलीत बसवायचं, हे माझं काम. तिघंही शिव्या घालतात तेव्हा मी समजतो, बरं चाललंय."

"आणि दोघंच घालत असले तर?"

"तर तिसरा सोडून गेलेला असतो."

 सेजिनने ओठाला बोट लावून बघितलं आणि पुढे सरकला.

"सरळ बोलू. मला वरून परवानगी आहे. तुमच्या सर्व्हरवर शिडी आज संध्याकाळच्या आत बंद करतो. लेखी देतो. पण हा सुळका आहे ना, ही माणसं शिडीवरच उभी आहेत. ती खाली येतील. ठेवू की काढू? निर्णय तुमच्या तोंडून हवा, म्हणजे पुढचा ट्रक तुमच्या दारासमोर लागेल."

हारिमने टेबलाखालून तिची बाही धरली. "ताई, थांबा जरा. विचारू सगळ्यांना."

क्योंगसुकने बाही सोडवली. "काढा."

परतीच्या बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली. मग क्योंगसुकने खिडकीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "तू किती घेतल्यास?"

"दोन."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर काढलं असतंत."

"हो."

"मग? ताई, उद्या गुरुवार आहे. निम्मी टोळी रेघेखाली जाईल. दोन आठवडे रेघ खाली आणा. दोनच."

"संगसूला मुकादम हेच करायचा," क्योंगसुक म्हणाली. "आकड्याखाली राहिलेल्यांची नावं शनिवारी फळ्यावर. पण माझ्या शेजारणीचं नाव कधी आलं नाही. ती त्याला घरून डबा आणायची. तिच्यासाठी आकडा खाली यायचा. मी अकरा वर्षं डबा नेला नाही आणि अकरा वर्षं आकडा गाठला. बोटं बघ माझी."

हारिमने बोटं बघितली. ती रोजच बघत होती.

"इथे कोण डबा आणतंय, ताई? इथे तर माणसं तुमच्याबरोबर राहायला पैसे भरतायत."

"तोच डबा," क्योंगसुक म्हणाली.

गुरुवारी टोळीच्या गप्पांच्या पडद्यावर आग लागली. 'नगरबस' नावाचा एक बसचालक होता, तो आधी पेटला.

"ट्रकचे पैसे आम्ही भरले, शिडी तुम्ही बंद करवलीत, आणि पडायचं पण आम्हीच? वा, सरदारबाई! ओवाळायला येऊ का?"

"आकडा लावलाय. बघ," क्योंगसुकने लिहिलं.

"मी सोळा तास स्टिअरिंग धरतो. आकडा काय आरशात बघू?"

मग ओक्पुन आली. ओक्पुन मोरानच्या बाजारात लाल चवळीची पेज विकायची. वय सदुसष्ट, टोळीत सगळ्यांत वडील. तिचं टाइप करणं हळू. सगळे थांबले.

"अगं क्योंगसुक, माझा एक हात पातेल्यात असतो. ढवळलं नाही तर पेज लागते. दुसऱ्या हाताने खेळते. मला कुठून गाठणार तो आकडा? शिडी घेतली म्हणून तर तुझ्याबरोबर राहिले."

हारिम त्या वेळी टपरीतच होती, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर. तिने क्योंगसुकला उत्तर लिहिताना बघितलं. ती भराभर, न खोडता लिहीत होती.

"मग माझ्याबरोबर शिडी होती, मावशी. तुम्ही नव्हता."



त्यानंतर तिने नावं काढायला सुरुवात केली. एकदम सगळी काढायची सोय होती. तिने ती वापरली नाही. एक नाव, एक बोट. मध्येच एक माणूस सोल बदलायला आला, त्याचा बूट तिने लोखंडी फर्म्यावर चढवून नवा सोल ठोकून दिला, पैसे घेतले आणि परत फोन उचलला. एकोणचाळीस नावं. हारिमचं नाव मध्ये कुठेतरी आलं. क्योंगसुकने वर बघितलं.

"तुझं आहे."

"दिसतंय मला."

बोट पडलं. हारिमचा फोन तिच्या मांडीवर वाजला. ती उठली. पर्स खांद्याला लावली.  ती बाहेर पडली आणि स्टेशनच्या चुकीच्या बाजूला चालत गेली.

शुक्रवारी डॉक्टरचा निरोप आला. एकोणचाळीस जणांना एकच मजकूर: 'आमच्याकडे रेघ नाही. वीस मिनिटं आलात तरी पुरे. तटावर नुसतं उभं राहा, गर्दी दिसली पाहिजे. प्रत्येकाला तलवार भेट.'

"भीक आहे," नगरबसने हारिमला कळवलं. "घेतली मी. तू?"

हारिमनेही घेतली. का, ते तिला कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. राग होता, एवढं खरं.

रविवारी पाच वाजता गडाची लढाई. डॉक्टर स्वतः गोल्फला गेला होता; त्याचा सम्राट एक पगारी मुलगी चालवत होती. तटावर चौतीस जण उभे होते, सगळे 'चाळीस मिनिटं'चे. सगळ्यांच्या हातात एकसारखी निळी तलवार. ओक्पुनच्या हातातही.

फाटकाखाली अठ्ठावीस जण आले. ओळ सरळ होती. पुढे आरी.

"या या, शिस्त आली," नगरबसने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. "मावशी, पेज गरम आहे का? पाहुण्यांना वाढा."

"दुपारीच संपली," ओक्पुनने लिहिलं. मग थोड्या वेळाने, "क्योंगसुक, जेवलीस का गं?"

 आरी दोर टाकून तट चढली. तटावर पहिली ओक्पुनच होती. तिची तलवार वर गेलीच नाही. बहुतेक हात पातेल्यात असावा. आरीने तिला दोन वारांत पाडलं आणि तिच्यावरून पुढे आली.

हारिम तिथून चार पावलांवर होती. आरी तिच्याकडे वळली आणि थबकली. अर्धा क्षण असेल. खेळ अडकला असेल, किंवा क्योंगसुक खरंच थांबली असेल.

हारिमने वार केला.

आरीचं निम्मं रक्त एका फटक्यात गेलं. निळी तलवार एवढी भारी असेल याची हारिमला कल्पना नव्हती. मागच्या दोन हंगामांत मिळून तिने जे कमावलं त्याच्या तिप्पट ती एक तलवार होती. तिने दुसरा वार केला. आरी गुडघ्यांवर आली आणि आडवी झाली.

तटावर कुणी जल्लोष केला नाही.  पडलेल्या माणसाला खेळात एक ओळ लिहिता येते. क्योंगसुकने ती लिहिली.

"छान. तलवार कुणाची?"

हारिमने हातातल्या निळ्या तलवारीकडे पाहिलं. खाली दोर ताणले गेले होते. उरलेले सत्तावीस ओळ न मोडता वर चढत होते, आणि पगारी मुलीने तटावर सगळ्यांना हुकूम सोडला होता: 'उभे राहा. हलू नका.'