धावून येणाऱ्यांचा तारा

आमच्या घरात कुणाचीच पत्रिका नाही. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आमच्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला जपून ठेवतात, कुंडली नाही. आणि तरीही नगर शहरातल्या आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या कितीतरी पत्रिकांची सुरुवात माझ्या मनगटावरच्या घड्याळापासून झालेली आहे. प्रसूतीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून मी आयुष्य काढलं. बाळ बाहेर आलं की पहिली नजर बाळाकडे आणि दुसरी घड्याळाकडे, हे अंगवळणीच पडलंय. मी दार उघडून बाहेर आले की बाकावरचं कुणीतरी लगबगीने उठतं आणि विचारतं, "सिस्टर, वेळ काय लागली?" मुलगा की मुलगी हे विचारायच्या आधीसुद्धा.

काहींचं तेवढ्यावर भागत नाही. "सिस्टर, जरा दहा मिनिटं अलीकडे लिहिता आलं तर बघा ना." कुणाला राहुकाळ चुकवायचा असतो, कुणाला रास बदलून हवी असते. असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं, हा माझा नेम. पेढ्यांचा पुडा पुढे केला तरी नाही आणि मोठ्या साहेबांचा फोन आला तरी नाही. माझ्या पाठीमागे मला 'खडूस' म्हणतात ते मला माहीत आहे, आणि त्यात फारसं खोटं नाही.

तर अशा माझ्या घरात, पत्रिका घेऊन आली ती माझी सून. मुलगा नोकरीसाठी सिंगापूरला गेला आणि तिथे एका चिनी मुलीशी लग्न ठरवून बसला. मुलगी मलेशियातली, चर्चला जाणारी, सगळं चांगलं. पण मी तोंड फुगवलंच. आमच्या नात्यात काय मुली नव्हत्या? लग्नानंतर पहिल्या नाताळला ती दोघं आमच्या सावेडीच्या फ्लॅटवर आली, तेव्हाही मी तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होते. ती मात्र माझ्याशेजारी बसून करंज्या करत होती. तिच्या हातच्या करंजीला अशी सुरेख मुरड पडायची की बघतच राहावं. मला ते कौतुक वाटत होतं आणि कौतुक वाटतंय याचा रागही येत होता.

करंज्या करताकरताच तिने माझं जन्मसाल विचारलं. मी सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "मम्मी, तुम्ही डुकराच्या सालच्या!"

नाताळच्या तोंडावर सुनेने सासूला डुक्कर म्हटलेलं आमच्या सोसायटीत हे पहिलंच असणार. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. तेव्हा मुलगा धावत आला आणि इंग्रजी, मराठी मिसळून सगळा उलगडा झाला. त्यांच्यात प्रत्येक सालाला एक प्राणी. उंदीर, बैल, वाघ असं करत बारा झाले की पुन्हा उंदीर. दिवसाचेही बाराच भाग, दोन-दोन तासांचे, आणि त्यांनाही तेच प्राणी. ही गोष्ट मला लगेच आवडली. दोन तासांचा एक तुकडा म्हटल्यावर मिनिटं मागायला कोण येणार?

पण तिला सांगायचं होतं ते वेगळंच. त्यांच्या पत्रिकेत एक तारा असतो, तो फक्त मदत करणाऱ्या माणसाचा. तुमचा जन्म कुठल्या दिवशी झाला त्यावरून दोन प्राणी ठरतात. त्या सालची माणसं, म्हणे, तुमच्या अडचणीत धावून येतात. आणि त्यातला एखादा प्राणी तुमच्याच सालात किंवा वेळेत असला, की तारा तुमच्या पत्रिकेत आहे म्हणायचं. तो तारा पैसा देत नाही, संकट टाळत नाही. संकट येणार असेल तर येणारच. तारा एवढंच सांगतो की तेव्हा कुणीतरी दार उघडेल. आपल्याकडे आपण 'देवमाणूस भेटला' म्हणतो ना, तसं. फरक इतकाच, की आपण तो भेटून गेल्यावर म्हणतो. पत्रिकेत मात्र साडेसाती, मंगळ, कालसर्प असे अडवणारेच आधी शोधतो.

"माझ्या दिवसाला कोंबडा आणि डुक्कर आहेत," सून म्हणाली. "लग्नाआधी माझी आजी फार घाबरली होती. इतक्या लांब, ओळखीचं कुणी नाही. म्हणाली, तिथे गेलीस की आधी बघ, घरात कोंबडा किंवा डुक्कर आहे का."

ताऱ्यावर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. पण तिकडे कुणी एक म्हातारी नातीच्या काळजीने माझं साल कळायची वाट बघत होती, हे ऐकून माझ्यातली सगळी हवाच गेली. त्या दिवसानंतर मी त्या पोरीशी तिरकं बोलले नाही. आपल्यावर कुणीतरी भिस्त ठेवून आहे असं कळल्यावर माणसाला तिरकं वागणं जड जातं.

त्याच आठवड्यात वॉर्डात पाथर्डीकडची एक पोर आली. ऊसतोडीला शेवगावच्या बाजूला गेलेलं कुटुंब. नवऱ्याचा पाय उसाची गाडी भरताना मोडला होता, तो प्लास्टर घालून कोपीत, म्हणजे तिथल्या पाचटाच्या झोपडीत, पडलेला. पोरीची आई कर्नाटकात, दुसऱ्या टोळीत. बरोबर आली ती एकटी सासू. जीपमध्ये सुनेला स्वतःच्या वाकळेत गुंडाळून, मांडीवर डोकं घेऊन तिने आणलं होतं. सुनेच्या प्रत्येक कळेला ती बाहेरून "सोस गं माजी बाय, सोस" म्हणत होती. मला ती बाई तेव्हाच आवडली होती.

दुपारी दीड वाजून गेल्यावर मुलगी झाली. जेमतेम ओंजळभर. दोन किलोच्याही आत भरली. आईला फार रक्तस्राव झाला आणि तिला रक्त चढवायला घ्यावं लागलं. बाळाला ऊब देणाऱ्या पेट्या सगळ्या भरलेल्या. अशा वेळी आम्ही बाळाला कुणाच्यातरी उघड्या छातीशी ठेवतो, कातडीला कातडी लावून, वरून गुंडाळून. माणसाच्या अंगाइतकी चांगली पेटी अजून कुणी बनवलेली नाही. आई नसेल तर आजी चालते. मी म्हातारीला शोधत व्हरांड्यात गेले.

तर ती मोबाईल कानाला लावून बसलेली, चेहरा पांढराफटक. गावाकडच्या गुरुजींना तिने वेळ कळवली होती.

"मूळ नक्षत्र हाय बाई," ती म्हणाली. "पयलं चरन. बापाच्या जिवावर. आदीच त्याचा पाय मोडलाय."

"आजी, बाळ गार पडतंय. आधी आत चला."

ती जागची हलली नाही. "गुरुजी म्हनत्यात, अजून वाईच उशीर झाला आस्ता तर चरन बदललं आस्तं. तुमी तसं लिवा की. तुमच्या हातात हाय."

माझं डोकं फिरलंच. "कागदावरची वेळ पुढे ढकलली म्हणून बाळ काय परत आत जाऊन उशिरा येणार आहे का?"

"मंग मी न्हाई हात लावायची," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. नवरा तिने उसातच गमावला होता, मागे हा एकच मुलगा. तिला नातीचा राग नव्हता, मुलाची भीती होती. ते मला दिसत होतं, म्हणूनच ओरडताही येईना.

बाळाला मी छातीशी धरलं, मग वॉर्डातल्या मावशींनी धरलं. पण दुसऱ्या खाटेवरची बाई कळा देत होती, आणि आम्ही किती वेळ पुरणार? बाळाचे तळवे माझ्या हाताला गार लागत होते. मी खरंच घाबरले होते. वेळ बदलून लिहिली असती तर म्हातारी कदाचित उठली असती, हेही मनात येऊन गेलं. पण खोटी वेळ लिहून मिळवलेली मांडी किती दिवस टिकली असती?

मावशींकडे बाळ देऊन मी घरी फोन लावला. सुनेला दिवस आणि वेळ सांगितली आणि विचारलं, तुझा तो तारा या मुलीच्या पत्रिकेत आहे का? ती मोबाईलमध्ये बघू लागली. तेवढा वेळ मला फार मोठा वाटला. नसता तर मी काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही.

"आहे," ती म्हणाली. "दीडची वेळ म्हणजे मेंढीचे दोन तास. आणि आजच्या दिवसाला मदत करणारे बैल आणि मेंढी. त्यातली मेंढी तिच्या वेळेतच आहे. मम्मी, ती मदत घेऊनच आलीय."

मी व्हरांड्यात जाऊन म्हातारीशेजारी खाली फरशीवर बसले. म्हटलं, "आजी, वेळ मी बदलणार नाही. पण याच वेळेची दुसरीही एक पत्रिका आहे." आणि जसं मला कळलं होतं तसं तिला सांगितलं. लांबच्या देशात असं बघतात. माझी सून तिकडचीच. तुमच्या नातीच्या पत्रिकेत धावून येणाऱ्या माणसाचा तारा आहे. नाताळच्या आठवड्यात मी दवाखान्याच्या फरशीवर बसून चिनी तारे सांगत होते. आमच्या पाळकसाहेबांनी पाहिलं असतं तर बरंच ऐकवलं असतं.

म्हातारी ऐकत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "तारं वर ऱ्हात्यात बाई. हितं कोन येनार?"

"बैलाच्या नाहीतर मेंढीच्या सालचं माणूस."

"तुमी कंच्या सालच्या?"

"मी डुकराच्या."

इतक्या दुःखातही तिच्या ओठाचा कोपरा हलला. "आन आमची सून?"

पोरीचं वय मला माहीत होतं. माझ्या सुनेने सांगितल्याप्रमाणे बोटांवर मोजून मी म्हटलं, "माकडाची."

"त्येचा काय उपेग न्हाई." मग हळूच म्हणाली, "माजं कंचं आसंल?"

कधीचा जन्म, मी विचारलं. तिचं साल कुणालाच ठाऊक नव्हतं. "आधारवर हाय कायतरी," ती म्हणाली. "त्या आधार काढनाऱ्या पोरानं माज्या तोंडाकडं बघून टाकलं. जानेवारीची एक. आमच्या टोळीतल्या समद्या बायांची तीच हाय." आत बाळ रडलं. रडणं कसलं, मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज. म्हातारीने मान वळवून दाराकडे पाहिलं. माझ्या तोंडावर आलं होतं, 'अहो, तुम्हीच बैलाच्या.' पण जे पाहिलं नाही ते सांगायचं नाही, ही खोड तिथेही आडवी आली. मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. हाडं हाताला लागत होती.

आणि मग ती स्वतःच बोलली. माझ्याशी नाही, समोरच्या भिंतीशी बोलावं तसं.

"न्हानपनापास्नं उसात हाय मी. कोयता, मोळी, गाडी. मालक गेल्यावर तर जू येकटीच्याच मानंवर. बैलाचीच आसनार मी. दुसरं कंचं आसंल?"

ती उठली. दारातून आत येताना एकदा थबकली, हात जोडून कुणालातरी नमस्कार केला, मग खाटेवर टेकून चोळीच्या गाठी सोडायला लागली. एक गाठ सुटेना, ती मी सोडली. "आना हिकडं," ती म्हणाली. मावशींनी ते ओंजळभर बाळ तिच्या छातीवर उभं ठेवलं, मी वरून तिचीच वाकळ गुंडाळली. बाळाने तोंड इकडेतिकडे फिरवलं आणि गाल टेकून गप्प झालं. म्हातारी श्वास रोखून बसली होती. मी म्हटलं, "आजी, श्वास घ्या, त्यानेच ते तगणार आहे." तेव्हा तिने भला मोठा श्वास सोडला आणि रडायला लागली. मीही रडले, त्यात लपवायचं काय?

संध्याकाळी मी पुन्हा तळवे चाचपले तेव्हा ते कोमट होते. म्हातारी तशीच बसून होती. मावशींनी तिला चहा बशीत ओतून पाजला, कारण ती हात मोकळा करायला तयार नव्हती.

पुढे लस टोचायला त्या दोघी सासू-सुना आल्या. पोरगी चांगली गुटगुटीत झालेली, गालाला काजळाची तीट लावलेली. मी विचारलं, "मग, शांत केली का मुळाची?"

"केली की! बापानं आदी तेलात हिचं तोंड बगितलं, मंगच घेतली. आपल्याकडनं र्‍हायला नगं." ती जराही ओशाळली नाही. "पर तवर पोरगी भुईला ठिवली न्हाई मी. ऱ्हानात बी संगं न्हेली."

मग तिने बाळाचं लसीचं कार्ड माझ्यापुढे धरलं. "बाई, येक काम करा. ह्येच्या मागं लिवा, हिची आजी बैलाच्या सालची. मी आज हाय, उंद्या न्हाई. हिला कळाया पायजे, कोन आलं हुतं."

तिची सून गालात हसत माझ्याकडे बघत होती. वॉर्डातल्या नव्या नर्स पोरीही कान टवकारून उभ्या होत्या, सिस्टर आता काय करतात म्हणून. मी पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. खाली सहीही केली. न पाहिलेलं मी कधी लिहीत नाही, आणि हे तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं.