आधी गज दाखव

आमच्या मामांना हळू बोलता येत नसे. मामा म्हणजे माझे सासरे, पण सगळं शिवार त्यांना बारवाले मामाच म्हणायचं. ठासणीच्या बंदुकीचे बार काढून काढून कान गेलेले, त्यामुळे गुपितसुद्धा ते असं सांगत की पलीकडच्या वस्तीवर ऐकू जावं. नगरला मला बघायला आले तेव्हा आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, कानाशी लागून म्हणाले, "पोरगी झ्याक हाय, पन पोहे लई खारट!" ते बाहेर चपला काढणाऱ्या पाहुण्यांनीही ऐकलं. मी आत तोंडाला पदर लावून हसत सुटले. लग्न त्याच दिवशी ठरलं.

आमची वस्ती खर्ड्याच्या अलीकडे, माळरानाला लागून. हरभऱ्याला कोवळे शेंडे फुटले की काळविटांचा कळप ठरल्यासारखा यायचा. त्यांना हुसकायला मामांची बंदूक. पिकाच्या राखणीचा परवाना त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. बंदूक म्हणजे काय, मामांच्या खांद्याला लागेल एवढी उंच! नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर काथ्याचा बोळा, मग गज नावाची लांब लोखंडी कांब घालून ते ठासायचं, गज काढायचा, मागं ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, तेव्हा कुठे बार. छर्रा मात्र मामांनी कधी भरला नाही. म्हणायचे, "आपला बार हरनाच्या कानाला हाय, अंगाला न्हाई. ते बिचारं पोटासाठी येतंय, आपुन पोटासाठी हाकलतोय."

एकदा ह्यांचा मुंबईचा मित्र शिर्डीचं दर्शन उरकून आमच्याकडे आला. बंदूक बघून त्याचे डोळे चमकले. "मामा, मला शिकवा ना. एखादं हरीण होऊन जाऊ द्या." मामा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "शिकवतो की. आदी हरनाला म्हनायचं, बाबा, थांब, दारू भरतोय. मग म्हनायचं, थांब, ठासतोय. मग, आरं थांब की, टोपी घावंना! तवर ते तुज्या लेकाच्या लग्नात जेवून येतंय." पाहुणा हसला, तसे मामा ओरडले, "आन तरीबी मारलंस, तर जेलात भाकरी घिऊन मी येनार न्हाई!" बिचाऱ्यानं पुढे दोन दिवस हरभऱ्याची भाजी मुकाट खाल्ली.

मी शिकले ते मात्र हट्टानं. शेतात दिवसभर मीच असायचे. हे दुधाच्या टेम्पोवर, धाकटे दीर चाकणला कंपनीत. आणि खरं सांगायचं तर आमचे हे दिवाळीत फुलबाजीसुद्धा हात लांब करून, तोंड फिरवून धरतात. मी म्हटलं, "मामा, मला शिकवा." त्यांनी हातात बंदूक द्यायच्या आधी गरम पाण्याची बादली दिली. "बार काढायला कुनीबी येतंय. नळी धुवायला घरचंच मानूस लागतंय." घ्या! भांडी होतीच, त्यात हे एक वाढलं. नळी न धुता ठेवली तर दारूच्या काजळीनं गंजून जाते, हे मला पुढे कळलं. पण बंबातलं पाणी बंदुकीला गेलं की आत्या कडाडायच्या, "मानसांनी आंघुळी करायच्या का तिनं?" मामा शांतपणे विचारायचे, "काय म्हनती ती?" मी ओरडून सांगायचे, "आत्या म्हणतात, स्वच्छ धुवा!"

पुढे बंदूक भरायला शिकले, पण चापाला हात लावू दिला नाही. "परवाना माज्या नावाचा, तवा बोटबी माजंच." मी भरायचे, ते वाजवायचे. बार झाला की माळावर हरणांच्या उड्या काय सुटायच्या! मामा दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखे टाळ्या पिटायचे. हाकलायचं आणि वर कौतुकही करायचं, असा हा माणूस.

एका सकाळी मी दारू ठासत होते. तेवढ्यात कळप थेट हरभऱ्यात शिरला. मामांना कुठला धीर! "आन हिकडं!" म्हणून त्यांनी बंदूक ओढली, टोपी बसवली. "मामा, गज! गज आत आहे!" मी घसा फोडून ओरडले. ऐकणार कोण? धडाड्कन बार झाला आणि आमचा गज नळीतून सुटला तो सूंऽऽ करत बाभळीवरून दिसेनासा झाला. आता गजाशिवाय दुसरा बार भरायचा कशानं? आम्ही दोघं वाकून बांधाबांधानं गज हुडकतोय आणि हरणं परत येऊन निवांत हरभरा खात आमच्याकडे बघतायत, अशी तऱ्हा. दुपारी शेजारचा एक शेतकरी गज घेऊन आला. "मामा, माज्या कांद्यात सळई पेरली व्हय? आमी काय पानी द्यायचं तिला?" मामा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पण हसू ओसरल्यावर माझा हात धरून म्हणाले, "तिकडं कुनी मानूस असता तर? इथनं म्होरं आदी गज दाखव, मग बार."

तेव्हापासून तो नियमच झाला. भरून झालं की मी गज उंच धरायचे. मामा डोळ्यांवर हात आडवा धरून बघायचे आणि ओरडायचे, "दिसला गं! ठिव खाली!" मगच बंदूक हातात घ्यायचे.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. परवान्याच्या नूतनीकरणाला सरकारी ऑफिसात गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, वारसाच्या नावावर करा, नाहीतर बंदूक पोलीस चौकीत जमा करा. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "मी गेलो तर चालंल, पन ती चौकीत गंजाय नको," एवढंच म्हणत राहिले. भावकीला वाटलं, दोन लेकांपैकी एकाच्या नावावर करतील. मामांनी माझं नाव सांगितलं. "सुनंला बंदूक?" कुणीतरी कुजबुजलं. नेमकं तेवढं मामांना ऐकू गेलं! "श्यात ती राखती. मग बंदूक काय टीव्हीम्होरं बसनाऱ्यानं घ्यायची?"

चौकशीला साहेबांनी मला विचारलं, "बाई, ही भरता येते का तुम्हाला?" मी तोंड उघडायच्या आत मागून मामा गरजले, "साहेब, भरती तीच! मी नुस्ता आवाज काढतो!" सगळं ऑफिस हसलं. निकाल लागेपर्यंत बंदूक चौकीत जमा झाली. मामा रोज विचारायचे, "आला का कागद?" मी रोज नाही म्हणून मान हलवायचे. भाद्रपदात मामा गेले. झोपेतच गेले, एवढा आवाजी माणूस, आणि एक हाक न मारता. मला त्याचा राग आला होता, अजूनही येतो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी परवाना आला, माझ्या नावाचा. बंदूक घरी आणली, तर आत्यांनी न सांगता बंबातलं पाणी काढून ठेवलेलं. नळी धुतली, झेंडूची माळ घालून पूजा केली. पुढे हरभऱ्याला शेंडे फुटले आणि कळप आला. मी दारू घातली, बोळा घातला, ठासलं. गज काढला आणि सवयीनं उंच धरला. शेजारी कुणीच नव्हतं. तरी हात खाली येईना.

तेवढ्यात मागून, वस्तीच्या दारातून, आयुष्यभर त्या बंदुकीला शिव्या घातलेल्या आमच्या आत्यांचा आवाज आला, थेट मामांच्याच पट्टीत:

"दिसला गं! ठिव खाली!"

मी गज खाली ठेवला आणि बार काढला.