वाचनाचा तास आणि ज्वारीचा डबा

आमच्या घरातली वाचनसंस्कृती लोहाऱ्याच्या एका पिठाच्या गिरणीत संपली.

मी शाळामास्तर. मुलांनी वाचावं, या विषयावर मी कुठंही आणि कितीही वेळ बोलू शकतो (थांबवावं लागतं). हे घरातही लागू करावं म्हणून एका गुरुवारी फर्मान काढलं. संध्याकाळी सात ते आठ फोन बाजूला, बोलणं बंद, हातात फक्त पुस्तक.

"पण फोन ठेवायचे कुठं?" आमच्या कॉलेजातल्या कन्येनं, गौरीनं, विचारलं.

"ज्वारीच्या डब्यात," बायको म्हणाली. "तिथं कुणाचा हात जात न्हाय."

"माझा खिशात राहू दे. हेडमास्तरांचा फोन येतो."

"अहो, पहिला तुमचाच."

तिन्ही फोन मनगटभर ज्वारीखाली गेले. आम्ही पुस्तकं उघडली. अशी शांतता की पाल चुकचुकली, तर मी तिच्याकडंही रोखून बघितलं.

इतक्यात माझे वडील, अण्णा, देवळातनं आले. गुरुवार हा त्यांचा दळणाचा वार. फोनचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"आरं, डबा नेऊ का?"

मी ओठावर बोट ठेवलं.

"ज्वारीचा नेतो बघ."

मी डोकं वर न करता हात हलवला. गौरीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तिलाही बोट दाखवलं. (शिस्त म्हणजे शिस्त.) पोरगी आज्ञाधारक. हातातलं पान संपवून मग हळूच म्हणाली, "पप्पा, आता बोलू का? आपले फोन दळायला गेले."

"गिरणीवाल्याला फोन लावा की!" बायको ओरडली.

"कशावरनं?"

मी होतो तसा, बनियनवर पळालो. वाटेत एका माजी विद्यार्थ्यानं मोटारसायकल थांबवून वाकून नमस्कार केला. पळता पळता त्याला आशीर्वाद दिला.

गिरणी बंद होती. सगळी रांग आमच्या डब्याभोवती गोळा झालेली.

"या सर," गिरणीवाला म्हणाला. "ओतायला डबा उचलला, तर आतनं बोंब सुरू. लई घाबरलो."

तिन्ही फोन धडधाकट होते. माझा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. कारण दुपारी मी फोनवर एक आठवण लावून ठेवली होती, तीच वाजली होती. आणि अण्णा चष्मा सावरत, एकेक अक्षर सुटं करून, पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचत होते.

"मॅच... सुरू. पोट... दुखतंय... सांगून... उठणे."

अण्णांना मी उभ्या जन्मात काही वाचताना बघितलं नव्हतं. आता मात्र गोडी लागली. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते पुन्हा वाचलं.

"आता कसंय पोट, सर?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"दुखतंय," मी म्हणालो. त्या घडीला ते अगदी खरं होतं.