दिवसभराची गाडी

मला ज्वालामुखी दाखवायचा असं मुलाने ठरवलं. अमेरिकेत सांता क्लाराला त्याच्याकडे आले की घर आणि मागचं अंगण, यापलीकडे माझं जाणं होत नाही. ते त्याला लागत असावं. चौथीच्या भूगोलात ज्वालामुखीचं चित्र होतं आणि तिथेच माझी शाळा संपली, असं मी कधीतरी बोलले होते. त्याने ते धरून ठेवलं.

हवाईच्या मोठ्या बेटावर गाइडची व्हॅन मिळते. सकाळी हॉटेलवरून निघायचं, कॉफीचे मळे, काळ्या वाळूचा किनारा, लाव्हा थिजून झालेलं माळरान, अंधार पडल्यावर विवराचा काठ, मग परत. जेवणं झाली की मुलगा लॅपटॉप उघडून हे वाचून दाखवी. सून म्हणे धबधबा राहिला. नातीला किनाऱ्यावर जास्त वेळ हवा होता, ते ती इंग्रजीत सांगे. माझ्या डोक्यात वेगळंच चाललेलं. व्हॅनमध्ये सगळे परके लोक, आणि मला तासातासाला लघवीला जावं लागतं. धरून ठेवता येत नाही.

विमानात निभतं, उठून जाता येतं. लाव्हाच्या माळावर तर आडोशाला झुडूपही नव्हतं, फोटोत पाहिलं. गाडी मध्ये थांबते का, असं मी एकदा विचारलं. मुलगा म्हणाला, फोटोसाठी सगळीकडे थांबते. पुढे काय विचारणार?

आमच्या वेळच्या बायकांना यावर एकच उपाय ठाऊक. एसटीने माहेरी जायचं तर आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. स्टँडवरच्या मुतारीपेक्षा तहान बरी. आता या वयात एकदम जमणार नाही, म्हणून मी आधीपासूनच सवय करायला घेतली. सकाळी चहा, जेवताना दोन घोट, बस. लघवी कमी झाली. मला वाटलं, जमतंय.

मग एका दुपारी भाजी चिरताना डोळ्यांपुढे अंधार आला. ओट्याशी खाली बसले ती उठताच येईना.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंना मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही. मध्ये मुलगा.

"आई, त्या विचारतायत, दिवसभरात पाणी किती पितेस?"

"सोडलंय."

"सोडलंय म्हणजे? उपास आहे का?"

"तुझ्या व्हॅनसाठी सोडलंय. मला तासातासाला जावं लागतं."

तो बाईंकडे वळला. मग इंग्रजीत बोलायला लागला आणि बराच वेळ बोलला. बाई माझ्याकडे बघून मान हलवायला लागल्या तेव्हा कळलं, सगळं सांगितलं.

गाडीत म्हणाला, टूर राहू दे. मी म्हटलं, माझ्यामुळे राहिली असं तुझ्या पोरीला सांगणार का? आणि मला ज्वालामुखी पाहायचा होता, तेही खरंच.

मग सुनेने फक्त आमच्यासाठी गाडी घेऊन येणारा एक गाइड शोधला. ती त्याच्याशी फोनवर बोलत होती आणि मी शेजारच्या खोलीत होते. मदर-इन-लॉ आणि रेस्टरूम एवढे शब्द मला कळतात, आणि तेच सारखे येत होते. मी बेटावर पोचण्याआधीच तिथल्या एका परक्या माणसाला माझी लघवी माहीत झाली. सून येऊन म्हणाली, "काळजी करू नका आई, वाटेतल्या सगळ्या जागा त्याला माहीत आहेत." सून चांगली आहे. माझ्या अंगावर मात्र पाल पडल्यासारखं झालं.

मुलाने विचारलं, बुक करू का?

"कर. पण चार लोकांत मला विचारायचं नाही. लागली की मी सांगीन."

"नाही विचारणार."

रविवारी त्याच्या ऑफिसातला मित्र बायकोला घेऊन आला. नागपूरची माणसं, मोकळी. सगळ्यांनी मिळून दुकानात जायचं ठरलं. काकू, तुम्हीही चला, म्हणाली ती. मी चप्पल घातली. मुलगा किल्ली घेऊन दारात उभा.

"आई, जाऊन आलीस ना?"

मित्र बुटाची नाडी बांधायला वाकला. ती बांधलेलीच होती.

मी चप्पल काढली आणि आत जाऊन बसले. ते गेले.

बुकिंग झालेलं आहे. मी जाणार की नाही ते मुलगा विचारत नाही, मीही सांगितलेलं नाही. पाणी तेवढं तो तासातासाला आणून ठेवतो.