भांडणारी गाठ

माझ्या चिडचिडीचं मूळ गळ्यात आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.

झालं होतं असं. मुतखड्याच्या कळा, छातीत धडधड, गोळ्या खाऊनही न हटणारं बीपी. शेवटी रक्त तपासलं तर कॅल्शियम वाढलेलं. सांधे दुखतात म्हणून मी सासूबाईंच्या सल्ल्याने दह्यात गव्हाएवढा चुना खात होते, म्हणजे आगीत तेलच. गळ्यात थायरॉईडच्या मागे पॅराथायरॉईड नावाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यातली एक फुगून माझ्या हाडांतलं कॅल्शियम रक्तात सोडत होती.

"ऑपरेशन करून काढू. हृदयावरचा ताण कमी व्हावा, बीपी उतरावं, पण शब्द देत नाही," बाई म्हणाल्या. मग काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, "यात चिडचिडही होते" असं नवऱ्यादेखत बोलून गेल्या.

"म्हणजे ती जाईल?" नवऱ्याने विचारलं. हृदयाबद्दल त्याला काहीही विचारायचं नव्हतं.

त्याची घाई वडिवळ्यातल्या भातखाचरासाठी होती. धरणाजवळचं ते खाचर माझ्या वडिलांनी मला दिलेलं, सातबारा माझ्या नावावर. नवऱ्याला ते शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या तंबूंसाठी भाड्याने द्यायचं होतं. मी नाही म्हणत होते, आणि हळू आवाजात म्हणत नव्हते. एकदा पातेलंही अंगणात गेलं होतं.

आता मी तोंड उघडलं की सासूबाई शेजारणीला सांगत, "ती कुटं भांडतीया? तिची गाठ भांडतीया. काडनारेत आता." सगळे माझ्याकडे इतक्या मायेने बघत, की भांडणातली मजाच गेली. आधी निदान कोणी उलट तरी बोलायचं. त्या मायेने मी पार एकटी पडले. ऑपरेशनची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती होती की यांचंच खरं निघेल. गाठ जाईल आणि मी गोड हसून सही करून टाकीन.

वाटाण्याएवढी गाठ निघाली. काही दिवस ओठांना मुंग्या आल्या आणि ज्या कॅल्शियमने छळलं त्याच्याच गोळ्या खाव्या लागल्या. हळूहळू धडधड थांबली, बीपीची एक गोळी बंद झाली. डोकंही निवलं. दूध उतू गेलं तरी मी नुसतं पुसून घेतलं. मलाच माझा संशय यायला लागला.

नवऱ्याने संधी साधली. एका रविवारी तंबूवाल्याला चहाला बोलावलं आणि करारनामा माझ्यापुढे ठेवला. मी सगळा वाचला. चिखलात वाकून लावणी करणारी आई डोळ्यांपुढे आली. छातीतला ठोका आपल्या चालीने पडत होता.

"मी खाचर देणार नाही," मी म्हटलं. इतकं हळू, की तंबूवाल्याने कप खाली ठेवून पुन्हा विचारलं.

सासूबाईंनी माझ्या गळ्यावरचा व्रण नीट पाहिला आणि लेकाकडे वळल्या. "आरं, आता गाठ बी न्हाई. म्हंजी ही खरंच न्हाई म्हनतीया."

नवऱ्याने करारनामा बाजूला सरकवला आणि म्हणाला, "का गं?"

इतक्या वर्षांच्या भांडणांत हे त्याने कधीच विचारलं नव्हतं. मला एकदम भडभडून आलं. त्याला वाटलं, गळा दुखतोय.